शेजारच्या पटावरचा वजीर

“पण नाना, माझे तीन वजीर, समोर फडतऱ्यांचा एकटा राजा... आणि म्हणे डाव बरोबरीत. हा कुठला न्याय?”

बुद्धिबळ मंडळाच्या ओट्यावर नाना पावगी शेंगा फोडत बसले होते. अनिकेतला घोड्याची अडीच घरांची चाल शिकवली होती ती त्यांनीच.

“राजाला शह होता?”

“नव्हता. पण हलायला एकही घर नव्हतं त्याला.”

“मग न्याय झाला की.”

अनिकेतचा नुसता जळफळाट होत होता. हा डाव जिंकला असता तर मंडळाचं विजेतेपद त्याचंच होतं. आता गुण सारखे, आणि त्याच फडतऱ्यांशी निर्णायक डाव. हरायची भीती त्याला नव्हतीच. पण सगळं मंडळ फिदीफिदी हसलं होतं, ते झोंबलं होतं.

“पहिल्या वजिरावर मात होत नव्हती?”

“होत होती की. दोन-चार चालींत.”

“मग?”

“फडतरे डावच सोडेनात. म्हटलं, दाखवूच यांना. दुसरं प्यादं शेवटच्या घरात नेलं, वजीर म्हणून हत्ती पालथा घातला. तिसऱ्याच्या वेळी शेजारच्या पटावरचा वजीर मागून आणला.”

नानांनी टरफलं बाजूला सारली आणि पट मांडला. काळा राजा एकटा. पांढऱ्याकडे राजा आणि एकच वजीर.

“कर मात.”

अनिकेतला हे झोपेतही जमलं असतं. उजव्या हातानं भराभर चाली करत त्यानं काळा राजा कोपऱ्यात नेला आणि मात दिली. डाव्या हाताची मूठ मिटलेलीच होती.

“त्या मुठीत काय आहे रे?”

अनिकेतनं मूठ उघडली. शेजारच्या पटावरचा वजीर. तावातावानं उठताना पटावरून उचलला, तो हातातच राहिला होता...

आतून पंचांनी दोघांची नावं पुकारली. फडतरे तर पटापाशी जाऊन बसलेही.

“नाना, जातो. जिंकणार मीच. पण सुरुवात कुठली करू, तेवढं सांगा.”

नानांनी एक शेंग उचलली. फोडली. दाणे तोंडात टाकले...

“आधी तो वजीर ज्याचा त्याला देऊन ये.”