सोनखडीच्या पायरीवरची जागा

सोनखडीच्या ख्रिस्ती देवळाची खालची पायरी मधोमध झिजली आहे आणि कुंपणाबाहेर सात कबरी आहेत. पाहुण्यांना देऊळ पाहायची घाई असते. शमुवेल आजोबा वैरागर मात्र त्यांना हट्टाने इथेच थांबवतात.

फार पूर्वी म्हणे इथे सोळा घरे होती आणि गावच्या विहिरीला हात लावायची त्यांना बंदी होती. मिशनचे साहेब आले. त्यांनी प्रभूचे नाव सांगितले आणि वस्तीसाठी विहीर खणायला घेतली. वस्तीतली सगुणाबाई त्या नावाने भारून गेली. दारोदार फिरून तिने पंधरा घरे बाप्तिस्म्याला तयार केली. आपले घर मात्र शेवटी ठेवले, सगळ्यांना वाढून मग घरची बाई जेवायला बसते तसे. आपल्यासाठी ‘राहेल’ हे नावही तिने ठरवले होते.

साहेबांच्या बंगल्यात जगाचा नकाशा होता. ज्या गावात सगळ्यांचा बाप्तिस्मा झाला, तिथली टाचणी उपटून ते पुढच्या देशात टोचत. बाप्तिस्म्याच्या आदल्या आठवड्यात सगुणा बहिणीकडे धामणीला गेली. तिथली विहीर अर्धवट खणून सोडून दिलेली आणि बहीण ओढ्याचा गढूळ हंडा वाहत होती. “आक्का, आमचं काम झालं म्हनं. सायेब दुसऱ्या मुलखात गेले,” ती म्हणाली.

रविवारी पंधरा घरांचा बाप्तिस्मा झाला. सगुणाची पाळी आली, तशी ती मागे सरली. “सायेब, हिरीला पानी लागंल तवाच माझ्या डोक्यावर पानी घाला.”

साहेब संतापले, पण टाचणी जागची हलली नाही. चार वर्षे खणणे चालले. चार वर्षे ती पायरीवर बसून उपासना ऐकत राहिली. आत बाप्तिस्मा झालेल्यांमध्ये प्रभुभोजनाची भाकर फिरे, तेव्हा ती पदर तोंडात धरून रडे. जिने सगळ्यांना आत नेले, तीच बाहेर! पाणी लागले तेव्हा ती तापाने फणफणली होती. साहेब नव्या पाण्याची घागर घेऊन पोचेपर्यंत ती गेली. बाप्तिस्मा नाही म्हणून देवळाच्या स्मशानभूमीतही जागा मिळाली नाही; तिला कुंपणाबाहेर पुरले. कबरीवर ‘राहेल’ लिहू दिले नाही.

पुढच्या रविवारी साहेब टाचणी उपटायच्या बेतात होते, तर पायरीवर तिची सून येऊन बसली. शाळा अजून व्हायची होती.

आजही कोरियाचे, ब्राझीलचे, कुठकुठले प्रचारक येतात आणि विचारतात, अजून कोण राहिले? गाव पायरीकडे बोट दाखवते. अशीच शाळा झाली, दवाखाना झाला. सध्या तिथे शमुवेल आजोबांची धाकटी बहीण बसते. तिला सगळी गीते पाठ आहेत. कुंपणाबाहेर आठवी जागा आखून ठेवली आहे. रस्ता अजून कच्चाच आहे.