हवेची नळी

“चूक कुठे आहे, तेवढं सांगा ना, उस्ताद.”

आसावरीने चौथ्यांदा विचारलं. उस्तादांनी गुडघ्यावर पसरलेल्या आराखड्याची घडी घातली आणि ती तिच्या हातात परत दिली.

तिला वाटलं होतं तसं इथे काहीच नव्हतं.

जर्मनीत पाच वर्षं ती विमानं शिकली. तिथे असतानाच तिने उस्ताद इमाम तांबोळींचं नाव ऐकलं होतं. कापसावर औषध फवारणाऱ्या विमानांची इंजिनं चाळीस वर्षं सांभाळलेला माणूस. तिला वाटलं होतं, भिंतभर हत्यारं असतील, तेलकट वह्यांचे ढीग असतील, आणि एकेक गुपित तो माणूस तिच्यापुढे उलगडत जाईल.

सापडली ती सोलापूरच्या पलीकडे, कोरडेवाडीच्या माळावर, एक पत्र्याची शेड. शेडसमोर गवत माजलेली धावपट्टी. आणि बाजेवर बसून पानाला चुना लावणारे एक गृहस्थ, जे दिवसाला दहा वाक्यं बोलले तरी खूप झालं.

तरीही ती राहिली. त्याच शेडमध्ये चौदा महिने खपून तिने आपल्या हातांनी विमान उभं केलं. साप चावलेल्या माणसाला इथून तालुक्याला न्यायला अडीच तास लागतात. तिचं विमान औषध घेऊन वीस मिनिटांत कुठल्याही वस्तीवरच्या मोकळ्या रानात उतरणार होतं. हे ती भेटेल त्याला सांगायची. सांगताना तिचा आवाज चढायचा.

इंजिन एका जुन्या जपानी मोटारीतून काढलेलं. त्यात पिस्टनचे दट्टे नाहीत, खालीवर आपटणारं काही नाही. अंडाकृती पोटात एक त्रिकोणी लोखंड गरगर फिरतं, एवढंच. हलकं आणि चिवट. मरायला टेकलं तरी चालत राहील असं.

फक्त त्याला पेट्रोल हवं. अखंड.

म्हणून पेट्रोलच्या वाटेवर तिने सगळा जीव ओतला होता. दोन पंखांत दोन टाक्या. दोन पंप. दोन गाळण्या. दोन कम्प्युटर. एक गेलं की दुसरं आहेच.

“सगळं दोन-दोन,” उस्ताद म्हणाले होते, पहिल्यांदा आराखडा पाहिला तेव्हा. “आन् तू?”

“मी... एकच.”

“बरं.”

त्यानंतर त्या आराखड्याबद्दल ते अवाक्षर बोलले नव्हते.

आता उद्या सकाळी पहिलं उड्डाण होतं. परवानगी उद्यापर्यंतचीच. उद्याचा दिवस गेला की पुन्हा अर्ज, पुन्हा तपासणी, पुन्हा आठ-नऊ महिने. विमानात बसणार होती ती स्वतः. म्हणून तिला उस्तादांच्या तोंडून एक शब्द हवा होता. ठीक आहे म्हणा, नाहीतर चूक दाखवा.

“तुम्ही माझ्यावर रागावलाय का?” तिने विचारलं. “त्या फुंकण्यावरून?”

उस्ताद हसल्यासारखे झाले.

ती गोष्ट अशी होती. विमान शेडबाहेर आलं त्या दिवसापासून उस्ताद रोज सकाळी डाव्या पंखाच्या टोकापाशी जायचे, खाली वाकायचे, हवेच्या नळीला तोंड लावायचे आणि फुंकायचे. मग डोळे मिटून क्षणभर तसेच राहायचे. दर्ग्यातला फकीर तान्ह्या मुलाच्या कपाळावर फुंक मारतो तसे. त्यानंतर खिशातली चुन्याची एक जुनी डबी उघडून आत बघायचे, बंद करायचे, आणि बाजेवर येऊन बसायचे.

हवेची नळी म्हणजे साधी गोष्ट. टाकीतून जेवढं पेट्रोल जातं, तेवढी हवा टाकीत आत यावी लागते. त्यासाठी बोटाएवढी एक नळी. आसावरीने दोन्ही टाक्यांच्या नळ्या पंखाच्या आत जोडून एकच तोंड बाहेर काढलं होतं, डाव्या पंखाच्या टोकाखाली. दोन्ही टाक्यांत हवा सारखी जाते आणि वाऱ्याला अडथळाही कमी. या जोडणीचं तिला फार कौतुक होतं.

आठवडाभर तिने ते फुंकणं सोसलं. आठव्या दिवशी बोलली. हल्ली पेट्रोलात अल्कोहोल असतं आणि ते पाणी धरून ठेवतं, तोंडातली वाफ टाकीत जाणं बरं नाही, असं तिने समजावलं. मग न राहवून असंही म्हणाली की, उस्ताद, विमान मंत्राने उडत नाही.

उस्तादांनी मान डोलावली. त्या दिवसापासून ते फुंकायला गेले नाहीत.

“न्हाई पोरी,” ते आता म्हणाले. “राग कशाचा? तुझं विमान हाय.”

मग बाजेवरून उठले. “चालू कर. बघू.”

दुपारचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं. आसावरी आत बसली, पट्टे आवळले. चाकांना दगड लावलेले होते. उस्ताद डाव्या पंखाच्या टोकाशी जाऊन उभे राहिले. फवारणीच्या काळातली ही जुनी रीत होती. इंजिन पळवून बघताना एकाने पंख धरायचा. त्यांचा एक हात पंखावर होता, दुसरा पंखाखाली. म्हातारा माणूस दाराच्या चौकटीला टेकतो तसे ते टेकले होते.

इंजिन पहिल्या फटक्याला लागलं. दहा मिनिटं तिने ते हळू चालवून तापवलं. काटे जागच्या जागी. मग उड्डाणाला देतात तसा पुरा जोर दिला. विमान दगडांवर थरथरायला लागलं.

पन्नासाव्या सेकंदाला आवाज घोगरा झाला. एक उचकी. दुसरी.

आणि बंद.

पंखा दोनदा फिरून उभा राहिला. माळावर इतकी शांतता पसरली की दूरच्या रानातलं कुणाचं तरी खोकणं ऐकू आलं.

“किती उंच हायेस?” पंखाच्या टोकाशी उभ्या उस्तादांनी विचारलं.

तिला कळेना. “काय?”

“पन्नास सेकंद झाले. किती उंच हायेस?”

“...चारशे फूट.”

“खाली यायला?”

“पंचवीस सेकंद.”

“मोज.”

ती मोजू लागली. मोजता मोजता तिचे हात धावले. दुसरा पंप. दुसरा कम्प्युटर. टाकी बदलायची खिट्टी डावीकडून उजवीकडे. चावी. पुन्हा चावी. सोळाला तिच्याकडचं सगळं संपलं. सतरा ते पंचवीस ती नुसते आकडे म्हणत राहिली.

उस्ताद तिच्याकडे बघत नव्हते. धावपट्टीच्या टोकाला एक बाभूळ होती, तिच्याकडे बघत होते.

त्यांनी पंख सोडला आणि सावलीला जाऊन बसले.

आसावरीने बाह्या सरसावल्या. टाक्या भरलेल्या होत्या, काटा सांगत होता. ठिणगी ठीक होती. लॅपटॉप जोडून पाहिला तर पेट्रोलचा दाब शेवटच्या दहा सेकंदांत घसरलेला. म्हणजे गरमी. पेट्रोल नळीतच उकळून वाफ झालं असणार. तिने पहिली गाळणी बदलली, पंप खोलून पाहिला, इंजिनाजवळच्या नळीला चंदेरी कापड गुंडाळलं. दोन तास गेले. कपाळावरचा घाम तेलकट हाताने पुसून ती म्हणाली, “सापडलं.”

“सापडलं?”

“गरमी होती.”

“बरं.” उस्ताद उठून पुन्हा पंखाच्या टोकाशी गेले.

पुन्हा दहा मिनिटं. पुन्हा पुरा जोर. या वेळी मधेच उजव्या बाजूने एक ठोका ऐकू आला. तेलाचा रिकामा डबा दाबला की वाजतो तसा. तिने लक्ष दिलं नाही, ती घड्याळाकडे बघत होती.

बावन्न सेकंद. उचकी. बंद.

“मोजू?” तिने कोरड्या आवाजात विचारलं.

“नको. एकदा मेलीस तेवढं पुरे.”

ती खाली उतरली. रडायचं नाही असं ठरवून ती पंखाच्या टोकाकडे चालत गेली. तिला ओरडायचं होतं. चौदा महिने मी इथे आहे, चौदा महिन्यांत तुम्ही मला काय शिकवलंत, हे विचारायचं होतं.

उस्तादांनी पंखाखालचा हात बाहेर काढला.

पंखातून एक लांब सुस्कारा ऐकू आला. फस्स... करून हवा आत जात राहिली, बराच वेळ. मग उजव्या टाकीचा पत्रा पुन्हा एकदा ठोका देऊन जागेवर आला.

उस्तादांनी अंगठा तिच्यासमोर धरला. अंगठ्याच्या पेरावर एक गोल वळ उठला होता. नळीच्या तोंडाएवढा. लाल, मधे पांढरा.

आसावरी त्या वळाकडे बघत राहिली.

दोन टाक्या. दोन पंप. दोन गाळण्या. दोन कम्प्युटर... एक अंगठा.

“दोन्ही वेळा तुम्ही इथेच होता,” ती हळूच म्हणाली. “माझ्या डोळ्यांसमोर.”

“व्हय.”

“पण असं कोण करेल? हवेत अंगठा कोण लावणार?”

उस्तादांनी खिशातून ती जुनी चुन्याची डबी काढली. झाकण उघडून तिच्या पुढे केली. आत चुना नव्हता. बोराएवढा मातीचा एक गोळा होता, वाळून पांढरा पडलेला. एका अंगाने त्यावर नळीच्या आतल्या कडेची गोलाई उमटलेली होती.

ती माती तिच्या ओळखीची होती. शेडच्या भिंतींवर, बाजेच्या पायांवर, तिच्या टांगलेल्या हेल्मेटच्या आतसुद्धा कुंभारीण माशी तसली घरं बांधायची. ओल्या मातीचे कण आणून, चिमटी चिमटी लावून. तिने कितीदा ती झाडूने पाडली होती.

“प्रल्हाद,” उस्ताद म्हणाले.

एवढंच. जणू त्या गोळ्याचंच ते नाव होतं.

मग त्यांनी तुटक तुटक सांगितलं, आणि ती उभ्याने ऐकत राहिली. प्रल्हाद घोलप नावाचा पोरगा होता. त्यांच्या हाताखाली पाना धरायला शिकला, मग हट्टाने विमान चालवायला शिकला. सव्विसाव्या वर्षी फवारणीचं विमान घेऊन याच धावपट्टीवरून उठला. तेव्हा ती बाभूळ लहान होती. इंजिनात काही दोष निघाला नाही. टाकी पाऊण भरलेली होती, म्हणून आग दुपारपर्यंत जळत राहिली. पंखाचं टोक तेवढं लांब पडलं होतं, ते जळलं नाही. गोळा त्या टोकातल्या नळीत सापडला.

“तुम्ही रोज फुंकत होता ना?” आसावरीने विचारलं. “तेव्हाही?”

“रोज.”

“मग?”

उस्तादांनी डबीचं झाकण लावलं.

“त्या दिवशी न्हाई फुंकलं.”

“का?”

“आदल्या दिवशी फुंकलं व्हतं म्हणून.”

...

त्या संध्याकाळी दोघंही जेवली नाहीत.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत आसावरी उठली. वारा पडलेला होता, आकाश स्वच्छ होतं. अशी सकाळ वर्षात दहा वेळाही मिळत नाही. तालुक्याहून तपासनीस साडेसातला निघणार होते. तिने सहालाच त्यांना फोन केला. आज उड्डाण नाही, म्हणाली. मग कधी, असं त्यांनी विचारलं. परवानगी संपते आहे हे ठाऊक आहे ना, हेही विचारलं. ठाऊक आहे, ती म्हणाली. पुन्हा अर्ज करेन.

मग तिने करवत घेतली आणि ज्या जोडणीचं तिला फार कौतुक होतं ती कापून काढली. उस्ताद बाजेवरून बघत होते. डाव्या टाकीची नळी डावीकडे, उजवीची उजवीकडे. दोन्हींची तोंडं तिने अशा उंचीला आणली की माणसाचं तोंड तिथे सहज पोचावं. पेट्रोलच्या वासाने डोकं भणभणेपर्यंत ती राबली. ऊन चढलं तेव्हा काम संपलं.

ती डाव्या पंखाशी वाकली. नळीला ओठ लावले आणि फुंकलं. जीभ जळली. डोळे मिटून कान दिला. आत, खोल कुठेतरी, पेट्रोलावरून हवा सरकल्याचा पोकळ आवाज आला. मग उजव्या पंखाशी गेली. तिथेही फुंकलं, तिथेही ऐकलं.

तोंड पुसत ती बाजेपाशी आली. ओठ सुजल्यासारखे झाले होते. परवानगी गेली होती, पुढचे आठ-नऊ महिने गेले होते, तरी छातीवरचं एक ओझं उतरलं होतं आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“आता तोंडं दोन झाली,” ती म्हणाली. “आणि मी रोज फुंकेन, उस्ताद. एक दिवसही चुकवणार नाही. आता तर काही उरलं नाही ना?”

उस्तादांनी डबी काढली. उघडून आत बघितलं. अंगठ्यावरचा वळ अजून पुरता गेला नव्हता.

झाकण न लावताच त्यांनी डबी तिच्या तळहातावर ठेवली.

“हिच्यात अजून एका गोळ्याची जागा हाय.”