कुरराची सुटलेली मूठ

पूर्वी कोसल देशी एक राजा राज्य करीत होता. त्याचे नाव आता कोणाला आठवत नाही. त्या काळी बोधिसत्त्व एका तळ्याकाठी कुरर, म्हणजे मासे मारून जगणारा पक्षी, होऊन जन्मला होता. तो म्हातारा झाला होता. दिवसभर घिरट्या घालायच्या आणि रिकाम्या पंजांनी परतायचे, याचा त्याला मनापासून कंटाळा आला होता. घरट्यात त्याची आंधळी मादी, कुररी, उपाशी वाट पाहत असे.

एकदा उन्हे उतरताना त्याला मासा मिळाला. मासा पंजात दाबून तो पाण्यातल्या खुंटावर दम खात बसला, तोच समोर त्याचा भाचा पिंगल पाण्यात आपटला. त्याने आपल्याहून मोठा मासा धरला होता आणि मासा त्याला खाली ओढत होता.

"मामा, सुटत नाही! बोटं उघडतच नाहीत!"

"पाय दुमडू नकोस," बोधिसत्त्व म्हणाला. "मांडीपासून बोटांपर्यंत आपली कंडरा जाते, दोरीसारखी. हरणाला ती उडी देते, घोड्याला उभ्याने झोप देते. आपला पाय दुमडला की ती बोटं आवळते, म्हणून तर झोपेतही आपण फांदीवरून पडत नाही. पाय ताठ कर."

पण पिंगल घाबरला होता. उडण्यासाठी तो पाय पोटाशी ओढी आणि मूठ आणखी घट्ट होई. धरले तर चावते, सोडले तर पळते म्हणतात. इथे सोडू म्हटले तरी सुटत नव्हते. पाणी त्याच्या मानेपर्यंत आले.

बोधिसत्त्वाने आपल्या माशाकडे पाहिले. त्याला कुररी आठवली. फार दमला होता तो.

"इकडे बघ," असे म्हणून तो खुंटावर ताठ उभा राहिला. कंडरा सैलावली, बोटे उघडली आणि मासा पाण्यात गेला.

पिंगलने ते पाहिले. तोही माशाच्या पाठीवर पाय ताणून उभा राहिला, आणि सुटला.

"आजही नाही?" घरट्यात कुररीने विचारले.

"आजही नाही," म्हणत तो तिच्याशेजारी पाय दुमडून बसला.

शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा एका भिक्षूला सांगितली. मिळालेले नवे वस्त्र त्याने छातीशी धरले होते. थंडीने कुडकुडणाऱ्या आजारी सोबत्याला ते त्याच्याने देववत नव्हते. शास्ते म्हणाले, "पिंगल तो तू. कुररी म्हणजे तुझा तो आजारी सोबती. म्हातारा कुरर मीच होतो. आधी आपली मूठ उघडावी, याला दानपारमिता म्हणतात."

 भिक्षू उठून उभा राहिला आणि वस्त्र घेऊन आजाऱ्याकडे गेला.