गाडीखालची कोंबडी

गोष्ट सांगा, गोष्ट सांगा! माझी कंबर धरलीय, पुढ्यात आणलेला चहा गार, आणि वर गोष्ट सांगा. सांगतो एकदाची. मी दुसरीपर्यंत शिकलेला माणूस, त्यात शुद्धलेखन शोधू नका.

फार वर्षांपूर्वी खाडीकाठी एक गाव होतं. वर राजा होता. राजाच्या काळात पिकअप गाडी कुठली, असं विचारायचं नाही. माझ्या गोष्टीत होती.

गाडी मीठवाल्याची. रोज मीठ भरायचं, बांधावरून बाजारात न्यायचं. मीठ ते मीठच, लोखंड खाणारच. पण त्या गावात एक रीत होती. दसऱ्याला गाडीला नवा निळा रंग द्यायचा, पण जुना खरवडायचा नाही. का? तर लक्ष्मी खरवडली जाते म्हणे!

मग काय, रंगावर रंग, त्यावर झेंडूची माळ. गाडी दिसायची नवरीसारखी.

गाडीखाली एक कोंबडी अंडी उबवायची. ती एकदा म्हणाली, "धनी, माझ्या अंड्यांवर वरून तांबड्या खपल्या पडतात."

"तुझी अंडीच तांबडी असतील."

"तुम्ही गाडी वरून बघता, मी खालून बघते. जरा वाका."

"दसऱ्याला रंग दिलाय मी! तू खुडूक आहेस, खुडूक राहा."

दुसऱ्या दिवशी कोंबडी अंडी सोडून घराच्या पायरीखाली गेली. यातून शहाण्यानं काय ते समजावं. मीठवाला समजला नाही.

पुढे त्याच्या लेकीचं लग्न ठरलं. नवरा खाडीपलीकडचा, मुहूर्त गोरज. बायको म्हणाली, "अहो, बैलगाडी सांगा. आपल्या गाडीचा आवाज बरा नाही."

"माझी लेक जन्मली तेव्हा याच गाडीतून घरी आली. जाईल तीही हिच्यातूनच."

पुढे नवरी, मागे मामा, मावश्या, रुखवताची ताटं. गाडी बांधाच्या मध्यावर आली आणि कडाड् झालं. गाडीचा कणाच मोडला. पुढचा भाग एकीकडे, मागचा एकीकडे. मावश्या चिखलात, लाडू खाडीत. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, ही देवाची कृपा. निळा रंग मात्र तसाच चकचकीत.

मीठवाला पहिल्यांदा वाकला. आत लोखंड नव्हतंच. पापडाचा चुरा होता.

लेकीनं शालू गुडघ्यापर्यंत खोचला आणि चालू लागली. मांडवात पोचेपर्यंत मुहूर्त गेला होता. सासरा दारातच उभा. म्हणाला, "वरचा रंग बघून सोयरीक केली आम्ही. आता आत काय निघतंय, देव जाणे!"

मीठवाल्याची मान खाली गेली. त्याच्या गाडीचा गंज त्याच्या लेकीच्या नावाला लागला होता. सोयरीक मोडते की काय, असं सगळ्या मांडवाला वाटलं.

लेक म्हणाली, "मामंजी, गाडी आतून गेलेली होती, ती बांधावर बसली. मी चालत आले."

सासऱ्यानं तिचे चिखलाचे पाय बघितले. "पाय धुवायला पाणी आणा रे," म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मुहूर्तावर लग्न लागलं. पण तो टोमणा मीठवाला जन्मभर विसरला नाही.

त्यानं गाडी सांधून घेतली. त्यानंतर दर दसऱ्याला तो आधी गाडीखाली उताणा शिरायचा, घासून घासून लोखंड उघडं करायचा, मग रंग. लोक म्हणायचे, "अरे, लक्ष्मी खरवडतोस!"

"लक्ष्मी नाही, तिला खाणारा खरवडतोय."

कोंबडी परत गाडीखाली बसायला लागली. गाडी पुढे त्याच्या नातवानंही चालवली.

तर ऐका: गंज झाकला की वाढतो, खरवडला की थांबतो.

एवढं कोंबडीला कळतं. एका माणसाला कळत नाही. माझा कोयता मागून नेला, ओल्या पेंढ्यात विसरला, गंजवला, वर तेल चोपडून परत देताना म्हणतो, "घ्या काका, नव्यासारखा आहे." त्याची माफी अजून यायची आहे. त्याचं नाव हसुराम घरत.