हद्दीचा बाक

फार जुनी गोष्ट आहे. मुलखावर परक्यांचं राज्य आलं आणि त्यांच्या साहेबानं मुलखाचा नकाशा काढायला घेतला. साहेब राहुटीत बसून कागदावर आकडे मांडी. बाहेर लोखंडी साखळी दोन सुभ्यांची हद्द मोजत माळावरून खणखणत जाई.

त्याच माळावर, उघड्या जमिनीवर, टिटवीची चार अंडी होती. साखळी सरपटत जवळ आली तशी टिटवी पंख पसरून आडवी उभी राहिली.

"बाजूला हो," साखळी म्हणाली. "मला सरळ जायचा हुकूम आहे. डोंगर आडवा आला तरच मी वळते."

"मग मला डोंगर समज."

"मूठभर तर जीव तुझा! चेंदामेंदा होईल."

"होऊ दे. पण अंड्यांच्या आधी माझा होईल."

साखळी हसली आणि पुढे सरकली. कड्या पायाला घासल्या, रक्त आलं, तरी टिटवी तसूभर हलली नाही. तेवढ्यात साखळी ओढणारा कोंडाजी थबकला. तो मूळचा शेतकरी. टिटवीची अंडी दिसली की तेवढी जागा सोडून नांगर वळवायचा, ही त्याला बापानं लावलेली सवय. त्यानं मुकाट्यानं साखळी उचलली, बाजूला खुंटी ठोकली आणि अंड्यांना वळसा घातला.

साहेबानं आलेले आकडे जसेच्या तसे नकाशात उतरवले.

पुढे साहेब गेले, त्यांचं राज्यही गेलं. नकाशातल्या हद्दीला मात्र तिथं अजून बाक आहे. शहाणी माणसं नकाशा घेऊन तिथला डोंगर शोधायला येतात. माळ सपाट असतो, आणि डोंगर त्यांच्या डोक्यावर ओरडत घिरट्या घालत असतो.