कुठे निघालास, मंगळा?

एका राज्यात अरिमर्दन नावाचा राजा होता. शूर होता, दानी होता, आणि ही गोष्ट सुरू होते तेव्हा गळ्यापर्यंत दगड होता.

गळ्यापर्यंतच का? तर तोंड मोकळे राहावे म्हणून. राणीला रोज चार बोल ऐकावे लागावेत, एवढी सोय शाप देणाऱ्याने ठेवली होती.

झाले होते असे. राणी चित्रवेणी मनाने लोण्यासारखी, पण सज्जात उभी राहिली की वाटेने जाणारा माणूस तिच्याच्याने सोडवत नसे. "काय हो, कुठे निघालात?" हे तिच्या ओठावर कायम. निघालेल्याला असे विचारू नये, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. विचारलेच, तर त्या माणसाने मागे फिरावे, टेकावे, घोटभर पाणी प्यावे आणि मग पुन्हा निघावे. नाहीतर काम फसते. दंडभैरव मांत्रिक मोठ्या सिद्धीला निघाला होता. त्याला राणीने एका सकाळी तीनदा हटकले. तिसऱ्यांदा पाणी पिऊन उठेतो मुहूर्त टळून गेला.

मांत्रिक कडाडला, "तुझा नवरा उभ्या जागी दगड होवो!"

राणीने पाय धरले. तेव्हा तो म्हणाला, "तीन कामे ऐक. आकाशातला मंगळ ओळख. तो रोहिणीपासून मघेपर्यंत जाईल, त्यात वर्ष सरेल. त्याच्यावर नजर ठेव. तो पुढे सरेल तसा दगड खाली उतरेल. आणि तिसरे, त्याला काही विचारू नकोस. विचारलेस तर दगड दुप्पट वेगाने चढेल, आणि ओठ बुजले की राजा कायमचा गेला."

"एवढंच ना?"

"बाई, तुला तिसरेच जड जाईल," असे म्हणून मांत्रिक गुप्त झाला.

श्रावण चालू होता. राणी रोज पहाटे गच्चीवर जाई. ढग असत, डास असत, आणि कठड्यावर एक बोलका पिंगळा असे. मंगळ लाल असतो एवढे राणीला ठाऊक होते. तिने एक लाल ठिपका हेरला आणि त्याच्यावर डोळे रोवले. भाद्रपद सरत आला, तरी राजाचा खांदासुद्धा सुटेना.

"नक्की मंगळच आहे ना तो?" राजाने विचारले.

"अहो, लाल आहे!"

पिंगळा हसता हसता कठड्यावरून पडायचा राहिला. "राणीसाहेब, ती रोहिणी. ती लुकलुकते. मंगळ डोळा मिचकावत नाही. तो तिच्या शेजारून केव्हाच पुढे गेला."

"मग इतके दिवस तुझी चोच शिवली होती का?"

"आपण मला विचारलंत कुठे? मी तर इथेच बसलेला. आपण फक्त निघालेल्यांना विचारता."

राणीने दात-ओठ खाल्ले आणि खरा मंगळ शोधला. आता दगड भराभर उतरू लागला. आश्विनात राजाचे हात सुटले. त्याने आधी नाक खाजवले, मग राणीला नावे ठेवली. पुनर्वसूचे दोन तारे दाराच्या खांबांसारखे उभे असतात. त्यांच्या शेजारून मंगळ पुढे सरकला, तेव्हा राजाची कंबर मोकळी झाली. मार्गशीर्षात तो पुष्याशी पोचला आणि राजाचे गुडघे वाकू लागले.

मंगळ आता संध्याकाळीच उगवू लागला आणि दिवसेंदिवस मोठा, लालबुंद दिसू लागला. जणू कुणाच्या घरी आग लागली आहे आणि हा विझवायला धावतो आहे. राणीची जीभ वळवळे. तिने तोंडात सुपारी धरली, पदराचा बोळा कोंबला. शेवटी एके दिवशी दिवेलागणीनंतर तोंडातून निसटलेच, "अरे बाबा, एवढ्या लगबगीने कुठे निघालास?"

मंगळ थबकला. काही दिवस जागच्या जागी उभा राहिला. मग पुनर्वसूच्या दिशेने उलटा चालू लागला.

"राणी!" खालून हाक आली. "माझे गुडघे आखडले!"

"थंडी पडलीय हो."

"मांड्याही आखडल्या!"

राणीने पदराचा बोळा पुन्हा तोंडात कोंबला.

"विचारलंस ना?"

"एकदाच विचारलं हो!"

राजाने कपाळावर हात मारून घेतला. तो हलत होता तोवर. पौषात छाती दगड झाली. श्वास जड येऊ लागला, तशी त्याने नावे ठेवणेही सोडले. तेव्हा मात्र राणी घाबरली.

हटकलेल्या माणसाला घरात घेऊन बसवतात, मग याला का नको? तिने अंगणात घंगाळभर पाणी ठेवले, शेजारी पाट मांडला, वाटीत गूळ ठेवला. मंगळाचे प्रतिबिंब पाण्यात पडले, आणि पाण्यातून एक बुटका, लालतोंड्या, वैतागलेला तरुण निघून पाटावर बसला.

"पाणी घे, बाळा."

"पाणी राहू द्या. विचारलंत ना? मग उत्तर ऐका. विचारणारे पुष्कळ, उत्तराला थांबतो कोण?"

आणि त्याने सांगायला घेतले. कृत्तिकांनी काय म्हटले, मृगाने वाट कशी अडवली, सगळे पहिल्यापासून. रोज संध्याकाळी यावे आणि काल सोडले त्याच्याही मागून सुरू करावे! 'मुद्द्याचं बोल रे,' असे राणीच्या घशाशी येई. ती मांडीला चिमटे काढी आणि ऐके.

"संपलं का त्याचं?" महालातून क्षीण आवाज येई.

माघ सरता सरता राजाची हनुवटी दगड झाली आणि आतून आवाज येईनासा झाला. त्या संध्याकाळी मंगळ खाली मान घालून म्हणाला, "कुठे निघालो, ते मलाच ठाऊक नाही. मी भूमीचा मुलगा. फिरत फिरत आईच्या जवळून जातो, पण थांबता येत नाही. निघताना हातावर कुणी दही घातलं नाही कधी. तुम्ही हटकलंत, म्हणून या खेपेला मागे वळून तिच्याकडे पोटभर पाहिलं."

राणीला पुढे विचारण्यासारखे काही सुचले नाही. जन्मात पहिल्यांदाच. ती उठली, आतून कवडीचे दही आणले आणि त्याच्या तळहातावर घातले. मग त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"तुझ्या आईच्या वतीनं. ये आता."

"येतो," मंगळ म्हणाला. दही चाटून तो पाण्यात उतरला.

फाल्गुनात तो लाल ठिपका पुनर्वसूपाशी थोडे दिवस रेंगाळला आणि पुढे निघाला. राजाचे ओठ हलले. चैत्रात छाती हलली, वैशाखात कंबर. ज्येष्ठात मंगळ कोयत्यासारख्या दिसणाऱ्या मघेशी पोचला आणि राजाचा शेवटचा अंगठा दगडातून सुटला. राणी धावत आली. आता मिठी मारेल, नाहीतर रागावेल, असे तिला वाटले. पण वर्षभर उभा असलेला राजा आधी मटकन खाली बसला. मग त्याने शेजारची जागा थोपटली.

"बस," तो म्हणाला. "काय काय सांगत होता तो? मला भिंतीआडून अर्धंच ऐकू यायचं."

राणीने सगळे सांगितले, कृत्तिकांपासून. राजाने मध्ये एकदाही टोकले नाही.

दंडभैरवाला नवा मुहूर्त मिळाला. मंगळ मात्र तेव्हापासून आईच्या जवळ आला की थबकतो, मागे वळतो, डोळे भरून पाहतो आणि मगच वाटेला लागतो.

शाप उठला, राजा बसला. आई पाहिली, लेक निघाला. त्याचे निघणे जसे गोड झाले, तसे वाटेवरच्या सगळ्यांचे होवो.