चाफ्याचा पहिला थेंब

एका राज्यात, चैत्री पौर्णिमेला, दिवसाच्या दुसऱ्या प्रहरी, राजवाड्याच्या बागेत फुललेल्या चाफ्याचा वास नाहीसा झाला. मागोमाग भाताचा गेला, मातीचा गेला. परवा जन्मलेला राजपुत्र दुधाला तोंड लावीना. वासावाचून आई त्याला ओळखू येईना.

प्रधान म्हणाले, "हवा बदलली आहे." दरबाराने माना डोलावल्या. माना त्याच कामासाठी नेमल्या होत्या.

खिडकीतली साळुंकी म्हणाली, "हवा नव्हे, हाव वाढली! या राज्यात अत्तर काढताना पहिला थेंब झाडाच्या मुळाशी परत द्यायची रीत. ती मोडली, म्हणून शाप लागला. राणीसाहेब, तीन गोष्टी बाहेर काढा. यक्षाची दाढ, चोथ्यातला थेंब आणि राजाच्या मुखातले सत्य."

राणी मंजुघोषा बाळाला पोटाशी बांधून निघाली. अत्तरखान्याच्या दारात गाल धरून यक्ष आडवा पडला होता.

"दाढ काढते. वाट दे."

"दुखेल का?"

"मी परवा बाळंत झाले. मला विचारू नकोस!"

यक्षाने मुकाट जबडा उघडला. राणीने दाढेला पदर गुंडाळून हिसका दिला. दाढ निघाली, यक्ष हसला, वाट मोकळी झाली.

आत भट्टीजवळ पिळून टाकलेल्या फुलांचा चोथा होता. राणीने तोच तांब्याच्या हंड्यात घालून जाळ केला. आधी धूर आला, मग वाफ आली आणि शेवटी हंड्याच्या नळीच्या तोंडाशी एक थेंब लोंबकळला. पण पडेना.

राणीने राजाला बोलावले. "महाराज, रीत कोणी मोडली?"

"परंपरेचा अभ्यास चालू आहे," राजा म्हणाला.

"महाराज, बाळ उपाशी आहे."

राजाने बाळाकडे पाहिले. सुकलेले ओठ पाहिले. मान खाली गेली. "मी मोडली. म्हटले, झाडाला काय कळते? सात वर्षांचे पहिले थेंब चांदीच्या कुपीत साठवून प्रधानांच्या हवाली केले."

त्याच क्षणी थेंब ओंजळीत पडला. राणीने तो चाफ्याच्या मुळाशी वाहिला. बाग दरवळली, भात दरवळला आणि बाळाने आईच्या कुशीत तोंड खुपसून चुटचुट दूध ओढले. यक्ष अत्तरखान्याचा राखणदार झाला. रीत पुन्हा सुरू झाली.

कुपी मागवली, तर ती कोरडी निघाली. आता वास येत होता, म्हणून साऱ्या दरबाराला कळले, की प्रधानांच्या पागोट्याला चाफ्याचा घमघमाट आहे. तो कसा, हे प्रधानांनी अजून सांगितलेले नाही.